वळण तेवढं माझं

आयर्लंड नावाच्या एका पावसाळी बेटाच्या पश्चिम टोकाला, जिथे शेतं संपता संपता समुद्र लागतो अशा खेड्यात, एकदा एक वृद्ध फिडलवादक राहत होता. आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो त्यालाच तिकडची माणसं फिडल म्हणतात. वाद्य तेच. पण व्हायोलिन ऐकायला लोक इस्त्रीचे कपडे घालून सभागृहात जातात आणि फिडल ऐकायला शेजारी चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरात शिरतात, एवढा फरक धरून चाला.

वृद्धाचा धंदा जोडे शिवण्याचा. दिवसभर हातात आरी आणि मेण लावलेला दोरा असे, आणि संध्याकाळी तेच हात धुऊन फिडलच्या तारांवर ओढायचा गज धरला जाई. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे मास्तरच म्हणत. त्यांचं फिडल चुलीशेजारच्या भिंतीला टांगलेलं असे, कारण त्या ओल्या मुलखात लाकूड कोरडं राहील अशी तेवढीच जागा घरात होती. वाजवताना ते वाद्य हनुवटीखाली दाबत नसत, छातीशी धरत. गज आखूड आखूड ओढत आणि मान खाली घालून बसत. परगावच्या माणसाला वाटे, केवढा हा विनय! विनय वगैरे काही नाही. मास्तर नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत असत. कुठला पाय दमलाय, कुठला पाय आज रागात आहे, कुणाच्या टाचेचा खिळा वर आलाय, हे बघून त्यांची लय ठरे. बहुतेक जोडे त्यांनीच शिवलेले असल्यामुळे त्यांना हे बरं कळे.

त्या किनाऱ्यावर संगीत कागदावर लिहिलेलं नव्हतं. धून एका हातातून दुसऱ्या हातात जाई, आणि जाताना देणाऱ्याचं नाव सोबत नेई. वादन संपलं की ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारायचंच, "ही कुणाकडून मिळाली?" मग वाजवणाऱ्याने सांगायचं, "ही मला खाडीपलीकडच्या लोहाराकडून, त्याला त्याच्या सासूकडून." हे उत्तर दिल्याशिवाय वादन पुरं झालं असं कुणी मानत नसे. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना गवयाचा हात आपसूक कानाच्या पाळीकडे जातो, त्याच जातीची ही रीत. दफनभूमीतल्या दगडांवरची अक्षरं खारा वारा चाळीस-पन्नास वर्षांत खाऊन टाकतो. त्यामुळे गावाला आपले पूर्वज दगडांपेक्षा धुनांवरूनच अधिक आठवत.

मास्तरांचा एक शिष्य होता, लॉर्कन नावाचा. कोळ्याच्या घरचा, बावीस-तेवीस वर्षांचा, हाताने चपळ आणि मनाने हळवा. आठ वर्षं तो मास्तरांकडे जात होता. सकाळी जोड्यांचे तळ शिवायला मदत करायची आणि दुपारनंतर शिकायचं. मास्तरांची शिकवणी फार साधी. ते एक धून तीनदा वाजवत, मग फिडल त्याच्या हाती देऊन म्हणत, "आता तू." चुकलं तर रागावणं नाही, जमलं तर शाबासकीही नाही. लॉर्कनला या दुसऱ्या गोष्टीचा त्रास होई. आपलं वादन चांगलं आहे हे त्याला ठाऊक होतं, पण कुणी मोठ्या माणसाने ते मोठ्याने म्हणावं अशी त्याची फार इच्छा होती. या वयात ती कुणाला नसते?

मास्तरांच्या साऱ्या धुनांत एक धून वेगळी होती. ती त्यांनी लॉर्कनला शिकवणीच्या सातव्या वर्षी दिली. देण्यापूर्वी फिडल मांडीवर आडवं ठेवून ते प्रथमच बरंच बोलले.

"ही मुरिनची," ते म्हणाले. "मी दहा वर्षांचा असताना मुरिन या किनाऱ्यावर शेवाळ गोळा करायची. समुद्राचं शेवाळ, शेतात खत म्हणून घालतात ते. कंबरभर पाण्यात उभी राहून कापायची आणि पाठीवर वाहून आणायची. एकटी बाई. तिच्याकडे बापाचं फिडल होतं. मला तिनेच गज धरायला शिकवलं. पुढे वाईट वर्षं आली, ती आजारी पडली, तिला शहराच्या गरीबखान्यात नेलं. निराधारांना दोन वेळची पेज मिळते ना, तिथे. तिथेच गेली. तिथे मेलेल्यांना एकाच खड्ड्यात पुरायचे, वर दगड नाही, नाव नाही. मूल नाही, भाऊ नाही. तिचं आडनावसुद्धा कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. ही धून तेवढी आहे. समजलं?"

"समजलं, मास्तर," लॉर्कन म्हणाला. आणि त्या दिवशी त्याला ते खरंच समजलं होतं, हे पुढचं ऐकताना विसरू नका.

त्या धुनेच्या शेवटी एक वळण होतं, जिथून ती पुन्हा आरंभाकडे परते. मुरिनच्या वळणात सूर भराभर वर चढत. पन्नास-साठ वर्षं आरी धरून मास्तरांची बोटं आखडली होती आणि त्या चढणीवर ती हटकून अडखळत. नाचणाऱ्यांना हे माहीत होतं. ते तिथे पाय किंचित उचलून मास्तरांसाठी थांबत, आणि मास्तर वर पोहोचले की पुन्हा पाय टाकत. याबद्दल कधी कुणी अक्षर काढलं नाही.

लॉर्कनने त्या जागी एक नवीन वाट शोधली. वर चढायच्या ऐवजी तो खालच्या जाड तारेवर उतरला, तिथे एक श्वासभर रेंगाळला आणि मग हळूच मूळ सुरावर आला. ते वळण त्याला समुद्रावर जाळं ओढताना सुचलं होतं. जिल्ह्याच्या शहरात वादनाची स्पर्धा होती, तिला जाण्याच्या आदल्या दुपारी त्याने ते मास्तरांना वाजवून दाखवलं. मास्तरांनी हातातला जोडा खाली ठेवला.

"पुन्हा वाजव," ते म्हणाले.

त्याने वाजवलं.

"आणखी एकदा."

त्याने तिसऱ्यांदा वाजवलं. मास्तर जोडा उचलून शिवू लागले. म्हाताऱ्याला जुन्यात केलेली ढवळाढवळ रुचली नाही, असं लॉर्कनने मनाशी ठरवलं आणि उतरलेल्या चेहऱ्याने घरी गेला.

शहरातल्या सभागृहात झुंबर होतं आणि पहिल्या रांगेत चकचकीत बूट होते. परीक्षक राजधानीहून आलेले एक गृहस्थ होते. रेडिओच्या वाद्यवृंदाचे ते प्रमुख, आणि माणूस सज्जन. लॉर्कनच्या आधी एका शेतकऱ्याने वाजवलं. त्याने रिवाजाप्रमाणे सांगितलं, "ही मला माझ्या आत्याकडून मिळाली, तिला एका फिरत्या कल्हईवाल्याकडून." कल्हईवाला म्हटल्यावर सभागृहात हशा पिकला. वाईट हेतूने कुणी हसलं नव्हतं, पण शेतकऱ्याचे कान लाल झालेले लॉर्कनने पाहिले.

मग लॉर्कन व्यासपीठावर गेला आणि त्याने मुरिनची धून वाजवली, शेवटी आपलं वळण घेऊन. वाजवून झाल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यात प्रथमच त्याच्यासाठी कुणी एवढ्या टाळ्या वाजवल्या होत्या. परीक्षक पुढे वाकून म्हणाले, "अप्रतिम! ही मी कधीच ऐकली नाही. कुणाकडून मिळाली?"

लॉर्कनच्या डोळ्यांपुढे मुरिन आली, कंबरभर पाण्यातली, पाठीवर ओलं शेवाळ आणि शेवटी गरीबखान्याचा खड्डा. त्याच्या डोळ्यांपुढे ते चकचकीत बूटही होते. शेवाळवाली म्हटल्यावर हे किती हसतील, असं त्याला वाटलं.

"माझीच," तो म्हणाला.

एका शब्दाने जे घडायचं ते घडलं. नव्या धुनेसाठी चांदीचा कप होता, तो त्याला मिळाला. वर्तमानपत्रात 'लॉर्कनची धून' म्हणून बातमी छापून आली. परीक्षकांनी त्याला बाजूला घेऊन वाद्यवृंदात जागा देऊ केली. महिन्याभराने यायचं, राहायची सोय त्यांची. "त्याआधी मीच तुमच्या गावी येतो," ते म्हणाले. "आमच्याकडे ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे. तुमच्या मास्तरांचं वादनही तबकडीवर घेऊ. पुढच्या पिढ्यांना ऐकायला मिळेल."

कप घेऊन लॉर्कन मास्तरांच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याने मनात तीन-चार उत्तरं तयार ठेवली होती. वळण तर माझंच आहे. वळणानेच धून जिंकली. नवं काही घातल्यावर ती नवीच झाली. मास्तरांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "डाव्या टाचेत पाणी गेलेलं दिसतंय. काढून ठेव, मी बघतो." तयार ठेवलेली उत्तरं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारनंतर मास्तरांचं दार बंद होऊ लागलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. लॉर्कन बाहेर थांबे, आतून फिडल अस्पष्ट ऐकू येई, तुटक, चाचपडत, पुन्हा पुन्हा तेच. त्याला वाटलं, आपल्याला शिक्षा चालली आहे. शेजारची हाना, जिच्या जिभेला हाड नव्हतं, ती विहिरीवरून येताना त्याला म्हणाली, "ऐकलं का, आपल्या गावात नवी धून जन्मली म्हणे! मी पाहायला गेले तर तोंडवळा थेट मुरिनचा. आता बाळाच्या आईचं नाव कुणी सांगायचं?"

"वळण माझं आहे," लॉर्कन म्हणाला.

"असेल हो. कानातले डूल तुझे असतील. पण मूल?"

तो तिथून निघून गेला. असे आठ दिवस गेले, आणि त्या आठ दिवसांत कपाकडे पाहिल्यावर त्याला एकदाही आनंद झाला नाही. मात्र कप परत करावा असंही त्याच्या मनात आलं नाही. शहरातली ती जागा त्याला हवी होती. बापासारखं जन्मभर ओल्या जाळ्यांत हात कुजवायचे नव्हते. हे सारं एका नावावर अवलंबून होतं, आणि त्या नावाचं आता कुणीच उरलेलं नव्हतं. कुणाचं नुकसान होतंय, असं तो स्वतःला विचारी. उत्तर न मिळाल्यासारखं करून झोपी जाई.

रविवारी दुपारी ते गृहस्थ मोटारीतून यंत्र घेऊन आले. उन्हाळ्यात रविवारी दुपारी गावाच्या चौफुल्यावर नाच होई, तिथेच यंत्र लावायचं ठरलं. कुणीतरी घराच्या दोन-तुकडी दारातलं खालचं अर्धं दार बिजागऱ्यांवरून काढून आणलं आणि रस्त्यावर पालथं टाकलं. नाचणाऱ्यांच्या टाचा वाजाव्यात म्हणून तिकडे असंच करतात. हानाच्या स्वयंपाकघरातलं टेबल बाहेर आलं आणि त्यावर यंत्र बसलं. काळी तबकडी गरगर फिरू लागली. सगळा गाव जमला होता.

मास्तरांनी पहिली धून वाजवली. गृहस्थांनी विचारलं, मास्तरांनी सांगितलं, "खाडीपलीकडच्या लोहाराकडून." दुसरी वाजवली. "माझ्या आईकडून, ती नुसती गुणगुणायची." गृहस्थ वहीत टिपून घेत होते. मग मास्तरांनी गजाला राळ लावली, मान खाली घातली आणि तिसरी धून सुरू केली. ती मुरिनची होती.

आता मास्तर मुरिनचं नाव घेणार, आणि गृहस्थ वळून आपल्याकडे बघणार, हे लॉर्कनला दिसू लागलं. धून शेवटाकडे आली. नाचणाऱ्यांनी सवयीप्रमाणे पाय किंचित उचलून धरले. पण मास्तर वर चढले नाहीत. ते खालच्या जाड तारेवर उतरले, तिथे एक श्वासभर रेंगाळले आणि हळूच मूळ सुरावर आले. एकही बोट अडखळलं नाही. उचललेले पाय क्षणभर तसेच राहिले आणि मग सगळे मिळून दारावर पडले. हानाने तोंडाला पदर लावावा तशी शाल लावली.

ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने दार बंद करून आठ दिवस कशाची मेहनत केली, ते लॉर्कनला त्या घडीला कळलं.

"अरे, ही तर यांची धून!" गृहस्थ आनंदाने म्हणाले. "मास्तर, ही तुम्हाला कुणाकडून मिळाली?"

मास्तरांनी फिडल मांडीवर ठेवलं आणि बोट दाखवलं. "या पोराकडून."

गृहस्थांनी वहीत लिहिलं. त्यांच्या दृष्टीने चौकशी संपली होती, कारण लॉर्कनने त्यांना स्वतःच सांगितलं होतं. आता कुणी काही विचारणार नव्हतं. गावातलं कुणी बोलणार नव्हतं, कारण मास्तरांनीच मुरिनचं नाव काढलं नव्हतं. तबकडी फिरत होती. मास्तरांनी पुढच्या धुनेसाठी गज उचलला नाही. ते नुसते बसून होते, खाली बघत. लॉर्कनला कळलं की ते त्याच्या पायांकडे बघत आहेत.

गप्प राहिलं की झालं. वाद्यवृंद, शहर, कप, सगळं त्याचं. आणि त्या काळ्या तबकडीवर, खुद्द मास्तरांच्या आवाजात, कायमची साक्ष की ही धून लॉर्कनपाशी सुरू होते. त्याच्या मागे कुणी नाही. शेवाळ कापणारी एक बाई होती, तिने एका पोराला गज धरायला शिकवलं होतं, हे पृथ्वीवर कुठेही उरणार नाही. तो दुसऱ्यांदा तिला त्या खड्ड्यात लोटणार होता, आणि या वेळी वर माती टाकणारा तोच असणार होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा," तो म्हणाला. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाला, "थांबा. पुरं सांगून झालेलं नाही. मला ती मास्तरांकडून मिळाली. मास्तरांना मुरिनकडून. मुरिन म्हणून एक बाई होती, या किनाऱ्यावर शेवाळ गोळा करायची. गरीबखान्यात गेली. धून तिची. वळण तेवढं माझं."

गृहस्थांनी पेन्सिल खाली केली. "पण सभागृहात तुम्ही तर..."

"खोटं बोललो. लाज वाटली म्हणून."

"याचा अर्थ तुम्हाला समजतो ना? कप नव्या धुनेसाठी होता. आणि त्या जागेबद्दल मी वरिष्ठांना लिहून चुकलोय."

"समजतो. कप उद्याच्या टपालाने पाठवतो."

गृहस्थ सज्जन होते, पण नियम त्यांनी केलेले नव्हते. त्यांनी वहीतली ओळ खोडली आणि मास्तरांना विचारलं, "या मुरिनबाईंचं आडनाव?"

"ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "नुसतं मुरिन लिहा. चालेल तिला."

मोटार गेली, माणसं पांगली. उन्हं उतरायच्या आत लॉर्कन मास्तरांच्या दुकानात आला. दार उघडं होतं. मास्तर त्याच्या डाव्या जोड्याची टाच बसवत होते. तो उंबऱ्यावर बसला आणि मनात साठलेलं बोलून मोकळा झाला.

"मास्तर, मला चार शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. सगळ्या गावासमोर असं का केलंत?"

"मी काय केलं?"

"माझ्याकडून मिळाली म्हणालात."

"मग कुणाकडून मिळाली?" मास्तरांनी खिळा ठोकला. "तू तीनदा वाजवलंस, मी आठ दिवस घोटलं. कितीतरी वर्षं मी त्या चढणीवर लंगडत होतो. नाचणारे बिचारे माझ्यासाठी पाय उचलून थांबायचे, मला काय दिसत नव्हतं? तू वाट काढून दिलीस. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव घेतलं. तुझ्याकडून घेऊन मुरिनच्या नावावर खपवलं असतं, तर मीही तुझ्यासारखाच खोटा ठरलो असतो."

स्पर्धेच्या आदल्या दुपारी मास्तरांनी "पुन्हा वाजव" का म्हटलं होतं, ते लॉर्कनच्या ध्यानात आलं. आठ वर्षं ज्या शाबासकीची वाट पाहिली, ती त्याच दिवशी मिळून गेली होती, आणि त्याला ती ओळखू आली नव्हती.

"आणि मी गप्प बसलो असतो तर?" त्याने विचारलं.

"तर मीही गप्प बसलो असतो."

"मुरिनचं नाव गेलं असतं, मास्तर!"

"गेलं असतं," मास्तर शांतपणे म्हणाले, पण त्यांचा हात थांबला होता. "पोरा, ते बोलताना माझा जीव कसा झाला होता, मला विचारू नकोस. पण माझी बोटं आणखी वर्ष, दोन वर्षं. त्यानंतर ती धून तुझ्याच हातात राहणार. मी सांगून तू नाव घेतलंस, तर मी असेपर्यंत घेशील. मी गेल्यावर तुला कोण विचारणार? म्हणून कुणीही विचारत नसताना तू काय करतोस, ते एकदा जिवंतपणी बघायचं होतं. तुला वाटलं, नाव सांगितलं की आपण लहान होऊ. मी आज तुझं नाव सांगितलं. मी लहान झालो का?"

लॉर्कनने नकारार्थी मान हलवली.

"धून देणाऱ्याचं नाव घेतलं की आपण त्या रांगेत उभे राहतो. पुढेही माणसं, मागेही माणसं. 'माझीच' म्हणणारा एकटा उरतो. बरं, घाल हा जोडा. पाणी जातं का बघ."

त्याने जोडा घातला आणि दुकानात दोन पावलं चालून पाहिलं. पाणी जात नव्हतं.

कप जोड्यांच्या फडक्यात गुंडाळून टपालाने परत गेला. वाद्यवृंदातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, तसं पत्र आलं. पत्र सभ्य भाषेत होतं. लॉर्कनच्या आईने दोन दिवस स्वयंपाकघरात आदळआपट केली. नुकसान झालं ते खरंच झालं, देवाने दुसऱ्या दाराने काही भरून दिलं असं मी तुम्हाला सांगणार नाही. तो जाळी ओढत राहिला, जोडे शिवत राहिला आणि रविवारी वाजवत राहिला. पुढच्याच रविवारी त्याने मुरिनची धून वाजवली आणि हानाने मुद्दाम मोठ्याने विचारलं, "ही कुणाकडून मिळाली रे?" त्याने दोन्ही नावं सांगितली. बाकावर बसलेले मास्तर म्हणाले, "आणि मला वळण त्याच्याकडून." गाव हसला. कप मिळाल्या दिवशी झाला नव्हता, तो आनंद लॉर्कनला त्या हसण्यात झाला.

मास्तर पुढच्या वर्षीच्या वसंतात गेले. राजधानीत ती तबकडी अजून आहे, असं सांगतात. तिच्यावर धून संपते, एक वृद्ध आवाज दोन शब्द बोलतो, आणि मग बराच वेळ नुसती खरखर ऐकू येते. यंत्र बिघडलं असं समजून अनुभव नसलेला माणूस तिथे सुई उचलतो. जाणते तसं करत नाहीत. ते थांबतात, कारण खरखरीच्या शेवटी एक तरुण, फाटलेला आवाज येतो आणि म्हणतो, "थांबा."

आज जेवताना तुमच्या हातच्या आमटीला कुणी छान म्हटलं, तर ती कुणाकडून शिकलात ते आधी सांगा, आणि मग वाढा.